ऐकण्याचे अकराशे तास

हॅमिल्टनला आल्यावर मला चौथ्या महिन्यात नोकरी लागली. दुधाची पावडर करणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ओलावा, स्निग्धांश, प्रथिनं तपासायची आणि आकडे भरायचे, असं काम. दिवसाला साठेक नमुने असत. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, मात्र मनासारखं काही मिळालं नाही. पुण्यात ज्युनिअर कॉलेजात त्यांनी सतरा वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. इथल्या शाळेत शिकवायचं तर आधी वर्षभराचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागणार होता, आणि त्या कॉलेजात शिरायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती. वाचन, लेखन, बोलणं आणि ऐकणं, चारही भागांत नऊपैकी सात हवे होते. नुसती सरासरी सात आलेली चालणार नव्हती.

तोवर घरी कशाला बसायचं म्हणून ते दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात लागले. दिवसभर लाकूड कापायचं, कडा घासायच्या. कानांवर जाड मफ लावून काम करायचं, कारण तिथे यंत्रांच्या आवाजात शेजारच्याशीसुद्धा खुणांनीच बोलावं लागे. संध्याकाळी घरी आले की केसांतून भुसा पडायचा. कुरकुर कधी केली नाही. पण ओळखीत कुणी "सध्या काय करता?" म्हणून विचारलं की उत्तर द्यायच्या आधी ते चष्मा पुसत.

सराव दर शनिवारी सकाळी नऊला व्हायचा. खरी परीक्षा त्याच वेळेला असे, म्हणून ती वेळ मीच ठरवली होती. थंडीत नऊ वाजतासुद्धा बाहेर धुकं असायचं, आणि घरात एकच हीटर. तो स्वयंपाकघरात आणून ठेवायचा, टेबलावर टेपरेकॉर्डर, शेजारी ओव्हनचं टिकटिकणारं घड्याळ. लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांत मिळून बारा पेपर होते आणि त्यांच्या कॅसेटी. टेप एकदाच वाजणार, मागे न्यायची नाही. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहायची, कागद मी तपासून फाइलला लावायचे.

"मास्तरांनाच गृहपाठ," हे म्हणायचे.

"मास्तरांचं अक्षर वाचता येत नाहीये. हा सात आहे की एक?"

"सात आहे गं."

"परीक्षक नाही विचारत बसणार. चूक धरलीय."

वाचनात मला काही करावंच लागलं नाही. तासाला तीन उतारे, चाळीस प्रश्न, आणि त्यांचे छत्तीस-सदतीस ठरलेले. उतारा मधमाश्यांवर असो की काचेच्या कारखान्यावर, पंचावन्न मिनिटांत ते पेन खाली ठेवायचे आणि उताऱ्यात लेखकाची काय चूक झाली आहे ते मला सांगायचे. ऐकणं तेवढं अडायचं. चाळीसपैकी तीस मिळाले तर साधारण सात होतात, असं पुस्तकात दिलं होतं. बारा पेपरांची त्यांची सरासरी आली एकोणतीस.

परीक्षा झाली. वाचन आठ, लेखन सात, बोलणं सात, ऐकणं साडेसहा.

अर्ध्या गुणाने माणूस अडला. कॉलेजने लिहिलं, पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या आत पुन्हा परीक्षा देऊन सात आणा, अर्ज आम्ही उघडा ठेवतो. मग मी हिशेबाला बसले. अर्धा गुण म्हणजे दोन-तीन प्रश्न. आठवड्यातून चाळीस मिनिटं ऐकून ते दोन-तीन प्रश्न येणार कसे? कानावर इंग्रजी पडलं पाहिजे, पुष्कळ पडलं पाहिजे. आणि कारखान्यात तर दिवसभर त्यांचे कान रिकामेच होते.

कल्पना माझी. मफच्या आत वॉकमनचे बारीक इअरफोन बसतात, हे मीच त्यांच्या कानाला लावून पाहिलं. रेडिओवरच्या मुलाखती, शेतकऱ्यांच्या बातम्या, पुस्तकांवरच्या गप्पा मी दर रविवारी टेप करायची. नव्वद मिनिटांच्या चौदा कॅसेटी केल्या आणि प्रत्येकीवर नंबर घातला.

पहिल्या दिवशी घरी येऊन हे म्हणाले, "अगं, यंत्र चालू झालं की काही कळत नाही."

"मग आवाज वाढवा."

"फोरमन बघेल."

"मफच्या आत त्याला काय दिसणार आहे?"

त्यांनी आवाज वाढवला. हळूहळू तो बटणाच्या शेवटच्या खुणेवर गेला. हे मला माहीत होतं, कारण बॅटऱ्या किती दिवसांनी संपतात याची मी नोंद ठेवत होते आणि त्या लवकर संपायला लागल्या होत्या. मला त्याचं समाधान वाटलं. दिवसाला पाच तास, आठवड्याला पंचवीस. चव्वेचाळीस आठवडे हे चाललं. अकराशे तास. एवढं इंग्रजी कानावर पडल्यावर दोन प्रश्न वाढणार नाहीत असं होईलच कसं?

परीक्षा तीन महिन्यांवर आली तेव्हा शनिवारचे तेच बारा पेपर पुन्हा सुरू केले. एकदा सोडवलेले पेपर, त्यामुळे गुण थोडे फुगून येतील, ते वजा धरायचं असं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पहिल्या पेपरात अठ्ठावीस आले. दुसऱ्यात सत्तावीस. पाचव्यात पंचवीस.

"तुमचं लक्ष कुठे आहे?" मी विचारलं.

"लक्ष आहे. त्या बायका पुटपुटतात."

"गेल्या वर्षी नव्हत्या का पुटपुटत? टेप तीच आहे."

"मग टेप झिजली असेल."

"झिजायला ती काय चप्पल आहे?"

असल्या बोलण्याला पूर्वी ते हसले असते. आता उठून बागेत गेले आणि ओल्या गवतात नुसते उभे राहिले.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. त्याच सुमाराला मला तिची एक युक्ती लक्षात आली. काही परवानगी हवी असली की ती बाबांकडे जायची, आणि तीही ते पाठमोरे असताना. दारातूनच भराभर विचारायची, हे "हो हो" म्हणायचे, की ही पसार. शाळेचा तीन दिवसांचा कॅम्प, मैत्रिणीकडे मुक्काम, कान टोचून दुसरं भोक पाडणं, सगळं तिने असं मंजूर करून घेतलं होतं.

"बाबांनी यस म्हटलं, आई. आस्क हिम."

मी ह्यांना विचारलं. त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. घरात तुमचं मन नसतं, पोरीकडे तुमचं लक्ष नाही, असं मी त्यांना बरंच बोलले. तेही त्यांनी ऐकून घेतलं. निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या परीक्षेचा निकाल पाकिटातून आला. वाचन साडेआठ, ऐकणं सहा.

हे पाकीट टेबलावर ठेवून आंघोळीला गेले. मी फाइल काढली. मला उत्तर हवं होतं, आणि उत्तर शोधायची मला एकच पद्धत येते. दोन्ही फेऱ्यांचे चोवीस कागद पसरले, पुस्तकांतून टेपचा मजकूर काढला आणि प्रत्येक चुकीपुढे तो प्रश्न कोणाच्या बोलण्यातला होता ते लिहीत गेले. प्रश्नाचा प्रकार, भाग, वेग, सगळं लावून पाहिलं, कशानेच काही निघेना. शेवटी बाई आणि पुरुष असे दोन रकाने केले.

बारा पेपरांचे चारशे ऐंशी प्रश्न. बाईच्या आवाजातले दोनशे दहा, पुरुषाच्या आवाजातले दोनशे सत्तर. पहिल्या फेरीत बायकांचे साठ चुकले होते, पुरुषांचे बहात्तर. म्हणजे शेकडा एकोणतीस आणि शेकडा सत्तावीस, जवळजवळ सारखेच. दुसऱ्या फेरीत बायकांचे सत्त्याण्णव चुकले, पुरुषांचे एकोणसाठ. शेकडा सेहेचाळीस आणि शेकडा बावीस.

पुरुषांचं त्यांना आधीपेक्षा जास्त समजत होतं. त्यांचं इंग्रजी सुधारलं होतं. बायकांचं मात्र ऐकूच येत नव्हतं.

मी बेरीज पुन्हा केली. मग दुसऱ्या फेरीच्या आधी काय बदललं होतं याचा विचार केला, आणि त्याला काही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून, विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसा तो तपासला. बेरीजही करून पाहिली.

"नमुना लहान आहे," ते म्हणाले.

"चारशे ऐंशी लहान नाही."

"नाही," ते म्हणाले. मग कागद बाजूला सारून म्हणाले, "तू समोर बसून बोलतेस तेव्हा येतं गं ऐकू."

"माझे ओठ दिसतात म्हणून."

टेपला ओठ नसतात, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं असावं.

कान तपासणारी बाई वयस्क होती, शांत होती, आणि बोलताना तोंड त्यांच्याकडे ठेवत होती. काचेच्या खोलीत बसवून तिने त्यांना वेगवेगळे सूर ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर बसले होते. मला सूर ऐकू येत नव्हते, त्यांचं बोट तेवढं दिसत होतं. शेवटी शेवटी ते बोट फार वेळ हललंच नाही.

मग तिने विचारलं की कामावर आवाज किती असतो, मफ वापरता का. ह्यांनी वॉकमनचं सांगितलं. मी सांगेन असं मला वाटलं होतं, पण त्यांनीच सांगितलं, आणि कल्पना कोणाची होती ते सांगितलं नाही.

"साधारण किती तास झाले असतील?" तिने विचारलं.

"अकराशे," मी म्हणाले.

तिने लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे पाहिलं. असा नेमका आकडा कुणी देत नसावं.

काही वयामुळे, काही कारखान्यामुळे, काही वॉकमनमुळे, असं ती म्हणाली. गेलेलं परत येणार नाही. कानाला लावायची यंत्रं मिळतील, त्यांनी बरंच भागेल. परीक्षेला वेगळी खोली आणि चांगले हेडफोन मिळावेत म्हणून ती पत्रही द्यायला तयार होती.

गाडीत बसल्यावर ह्यांनी तो आलेख स्टिअरिंगवर पसरला. गाडी चालू केली नाही. मुलगी मागे बसली होती.

"हे बघा," ते म्हणाले, आणि तो आवाज मी फार दिवसांनी ऐकला. त्यांचा वर्गातला आवाज. "ही उभी पट्टी सरळ मोजायची नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे तीव्रता दहापट. वीस म्हणजे शंभरपट. इथे, चार हजार हर्ट्झला, डाव्या कानाची रेषा पन्नासवर आहे. तर मला ऐकू यायला आवाज किती पट जास्त लागेल?"

"हंड्रेड थाऊजंड," मागून उत्तर आलं. त्यांना ते कळलं नाही. मी त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "एक लाख पट."

"बरोबर. स, फ, श, असले सगळे बारीक आवाज ह्या खड्ड्यात पडतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं येत नाहीत. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही." त्यांनी बोटाने ती घसरण पुन्हा एकदा दाखवली. पाच मिनिटांत आम्हा दोघींना सगळं समजलं. इतकं ते चांगलं शिकवायचे.

मी विचारलं, "ह्यात माझं किती? त्या कॅसेटींचं?"

"समीकरण एक आणि अज्ञात तीन," ते म्हणाले. "सुटत नाही." आणि कागदाची घडी घालून त्यांनी गाडी चालू केली.

पत्र घेऊन तिसऱ्यांदा परीक्षा द्या, असं मी महिनाभर म्हणत राहिले. यंत्रं आली, सराव करून बघू, तीस येतील, मी आकड्यांनिशी दाखवलं. एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

"सात मिळतील," ते म्हणाले. "मिळाले असं धर. पुढे? तीस पोरं. शेवटच्या बाकावरून एखादी मुलगी बारीक आवाजात शंका विचारणार, तीही ह्या पोरांच्या वेगाने. आणि मी काय म्हणणार? हो हो."

"यंत्रं लावून शिकवणारेही असतील की."

"असतील. त्यांचं त्यांना जमत असेल. मला शंका ऐकू आली नाही तर शिकवता येत नाही."

मी सरावाची फाइल उचलून कपाटात ठेवली.

अर्ज मागे घेत असल्याचं पत्र त्यांनीच लिहिलं. मी म्हटलं होतं की कारण देऊ नका, घरगुती अडचण एवढंच लिहा. त्यांनी सरळ लिहिलं की मला पुरेसं ऐकू येत नाही. मग लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला, आणि मी सवयीने पेन हातात घेऊन तपासला. चार ओळी होत्या. एकही चूक नव्हती.