तात्यांचा वानवळा

वाफ्यातला पहिला तोडा निघाला की तात्या तो माझ्या वजनकाट्यापर्यंत पोचूच देत नसत. मी काटा मांडेपर्यंत ते टोपी सारखी करून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फाटकाबाहेर पडलेले असत. "आलो वानवळा देऊन," एवढंच म्हणत. परत यायला दुपार होई. रानातलं पहिलं पीक शेजारापाजारी चाखायला द्यायचं, याला वानवळा म्हणतात. माझ्या एक्सेलमध्ये तो 'तूट' या रकान्यात जाई.

चाकणच्या एका कंपनीत मी कॉस्टिंग खात्यात होतो. नटबोल्टाची किंमत पैशाच्या अंशापर्यंत काढणाऱ्याला भाजीचं गणित काय अवघड, या समजुतीवर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पुनावळ्यात आमच्या सोसायटीला लागून तात्यांची बारा गुंठे जमीन उरली होती. तिथे आम्ही भागीत बाग सुरू केली. जमीन आणि कष्ट तात्यांचे. बियाणं, ठिबकच्या नळ्या आणि अक्कल माझी. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत, औषधांची फवारणी नाही, आणि दर रविवारी सभासद घरांना ताज्या भाजीची पिशवी. सगळं नीट आखलेलं होतं. फक्त पिकावरचा मावा, गारा आणि तात्या हे तीन घटक आराखड्यात धरायचे राहिले होते.

तात्यांना शेती येते, हा माझा आणखी एक अंदाज. त्यांनी जन्मभर दुसऱ्याच एका कंपनीची बस चालवली होती. शेती त्यांची बायको करायची आणि ती आता नव्हती. आमच्या पहिल्या कोबीचे गड्डे लिंबाएवढे झाले. मी पुस्तकात कारण शोधत बसलो. तात्यांनी एक गड्डा तळहातावर फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सायेब, ही बस चुकली. पुढली धरू." कुठलंही पीक बुडालं की त्यांचं हेच उत्तर. त्या वर्षी आमच्या बऱ्याच बस चुकल्या.

आजूबाजूच्या बिल्डिंगांमध्ये वानवळ्याला 'फ्री सॅम्पल' म्हणत. परिसराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, 'सॅम्पल मिळालं. भेंडी जून. पाचपैकी तीन.' मला यात धंद्याची संधी दिसली. 'मोफत नमुना' आणि खाली माझा मोबाइल नंबर, अशी स्टिकरं छापून मी पिशव्यांवर लावली. तात्यांनी एक पिशवी डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"सायेब, पोरीच्या बारशाला बर्फी वाटली, तवा तिच्यावर नंबर लिवला व्हता का?"

नव्हता. मी स्टिकरं सोलत बसलो. ती निघता निघेनात, कारण गोंदाचा दर्जा मी स्वतः पारखून घेतला होता.

त्या श्रावणात पांढऱ्या माशीने टोमॅटो घालवले आणि गोगलगायींनी पालक. सलग तीन रविवार पिशव्या अर्ध्याच गेल्या. सभासद कुरकुरायला लागले. पुढच्या रविवारीही तेच झालं तर निम्मी घरं सभासदत्व सोडणार आणि बागेला टाळं लागणार, हे स्पष्ट होतं. नेमका तेव्हा भेंडीचा नवा वाफा तोडणीला आला. तात्यांनी सवयीने पिशव्या काढल्या. मी आडवा आलो. या वेळी वानवळा नाही, म्हणालो; शिवाय मालाचं वाटप माझ्याकडे असल्याचं करारातलं कलम ऐकवलं. तात्यांनी भेंडी काट्यावर ठेवली आणि घरी गेले.

रविवारी सभासदांच्या पिशव्या भरल्या. संध्याकाळी ग्रुपवर सभासद नसलेल्यांचे निरोप येऊ लागले. 'या वेळची भेंडी एकदम कोवळी. पाचपैकी पाच.' 'आम्हालाही सभासद व्हायचंय.' बागेला एवढी दाद कधीच मिळाली नव्हती. अडचण इतकीच, की या लोकांना आम्ही भेंडी दिलीच नव्हती.

तात्यांनी सकाळी चाकणच्या बाजारातून क्रेटभर भेंडी आणून घरोघर वाटली होती. चांगली फवारलेली, चकचकीत. आमच्या विषमुक्त बागेच्या नावावर खपलेली ती सर्वोत्तम भेंडी.

मी तणतणत त्यांच्याकडे गेलो. नावाला बट्टा लागला, आता सगळ्यांना खरं कळवावं लागेल, असं बरंच बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कळवा की. माझं नाव घालून कळवा." मग खिडकीबाहेरच्या बिल्डिंगांकडे हात केला. "ह्या समद्या आमच्याच रानात हायती. भाजी इकायला गेलं तर लोक जाळीच्या दाराआडनं बोलत्यात. वानवळा घिऊन गेलं की दार उघडत्यात. ह्या रविवारी मी रिकाम्या हातानं कुनाकडं जानार व्हतो?"

कुठला खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, हे ठरवण्यात माझं आयुष्य गेलं. हा कुठे टाकावा, सुचेना.

ग्रुपवर मी खरं ते लिहिलं: भेंडी बाजारची होती, तात्यांनी आणली होती, कारण बागेतला वानवळा मी बंद केला होता, तो पुन्हा सुरू होत आहे. पाच देणाऱ्याने ते लगेच परत घेतले. नवे इच्छुक गप्प झाले. पिशव्या भरून मिळाल्यामुळे जुने सभासद राहिले आणि बाग तगली.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. काही दिवसांनी मेथीचा पहिला तोडा निघाला. पिशव्या घेऊन मी समोरच्या बिल्डिंगमध्ये शिरलो. एका दारात दोन मिनिटं, असा अंदाज बांधला होता. पहिल्याच दारी जाळीमागून एका गृहस्थांनी विचारलं, "कितीला जुडी?" आकडा ओठांवर आला होता. मोठ्या कष्टाने गिळला.

"वानवळा आहे," मी म्हणालो.

"तात्या नाही आले?"

"तात्या गेले."

त्यांनी कडी काढली. आत त्यांची म्हातारी आई होती, परभणीकडची. तात्या तिच्याशी तासभर बोलत बसायचे, म्हणे. तिने मला गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. बोलता बोलता जुडी सोडली, निम्मी मेथी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघं निवडत बसलो. चहा झाला. मग पुन्हा तात्यांवर बोलणं निघालं.

त्या दिवशी माझा वानवळा एकाच घरी पोचला. बाकीच्या मेथीने पिशवीतच मान टाकली.