फाटकापलीकडची सुईण

"पाय धर तिचे! लाजून काय राह्यला? मरून राह्यली ना ते!"

सुईण माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, दरडावत होती. रेल्वेचं फाटक बंद, पुढे मालगाडी उभी, आणि मी बैलबंडीत आडवी. गिरणी नुकतीच सुटली होती. सायकली धरून माणसं बघत होती. ज्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडं टाकलं नव्हतं, त्या भासऱ्यांनी डोळे मिटून माझे पाय धरले.

"अन् तुम्ही काय तमाशा पाहून राह्यले बे? पाठी फिरवा!"

"मावशी, गाडीलेबी सांग ना," एकजण म्हणाला.

"तिले डोये नाईत. तू फिर."

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. पुलगावात दवाखाना, बाजार, सगळं रुळांच्या अलीकडे. पलीकडे नुसती आमच्यासारखी माणसं, गिरणीत कामाला आलेली. सुईणीची झोपडी मात्र वस्तीच्या आधीची. ती गोंडीण. आम्ही मागून आलो आणि तिलाच परकी म्हणायचो. बाळंतपणाला घरात घ्यायचो, एरवी पाणी अंगणात द्यायचो.

वस्तीतली एकूणएक बाई तिनं उघडी पाहिलेली. रस्त्यात एखादीनं मान खाली घातली की आपणच म्हणायची, "म्या काई नाई पाह्यलं, बाई. माह्ये डोये कच्चे हायेत." त्याच डोळ्यांनी ती दुरून ओळखायची, कोणत्या सुनेला दिवस गेलेत.

माझं मूल पायाकडून येत होतं. "हे माह्या हातचं नाई, दवाखान्यात न्या," असं तिनंच सांगितलं. नवरा गिरणीत दुसऱ्या पाळीवर होता, म्हणून भासऱ्यांनी बंडी जुंपली. ते पुढे बसलेले, म्हणून मी पदर दातात धरला. ओरडले नाही.

नंतर बाया भेटायला आल्या. मुलाचं कुणी विचारलं नाही. "भासऱ्यानं पाय धरले म्हंते?" एवढंच. भासरे रुळांच्या अलीकडे खोली घेऊन राहायला गेले. सुईण येताना दिसली की मी आत जायची. तिनं ते ओळखलं. वळसा घालून जाऊ लागली.

पुढे प्लॉट पडले, तिची झोपडी उठली. कुठे गेली, मी विचारलं नाही. आता तिथे दुमजली घरं आहेत, दवाखाने आहेत, वस्तीला नगर म्हणतात. तिचं नाव कुणाला माहीत नाही. मलाही नाही.

जन्मलेल्या पोराशी ती आधी आपल्या गोंडीत बोलायची. आमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या कानावर पहिली तीच बोली पडली. त्या संध्याकाळी ती पुष्कळ बोलली. मालगाडी हलली, फाटक उघडलं, माणसं सायकली घेऊन निघाली, तरी बोलतच होती. मग गप्प झाली. लुगड्याचा पदर फाडून तिनं त्याला गुंडाळलं.

मुलगा होता. तो गेला. मी वाचले.