फड्याच्या काडीनं मोजलेलं डोकं

"बाई, पदर काढा. डोक्याचा आकार दिसू द्या पोरांना."

बारा वर्षं झाली. मंगरूळपीरच्या बसस्टँडमागं चित्रकलेचा क्लास होता, तिथं मी फडा मारायची, झाडलोट करायची. त्या रविवारी सरांनी मलाच स्टुलावर बसवलं. अन् मी येडी आनंदले! वाटलं, आपलं चित्र निघणार. पदर नीट कपाळावर ओढून घेतला. तोच त्यांनी काढायला लावला. अन् मी काढला. गुमान. सासऱ्यापुढं कधी उघडं पडलं नाही ते डोकं वीस पोरांपुढं उघडं. काय म्हणावं अशा बाईला!

सर स्वतः कायम टोपीत. टक्कल झाकायला. छडी माझ्या कपाळाला टेकवून म्हणाले, "तोंडाकडं बघू नका. तिथं बघण्यासारखं काही नाही. कवटी बघा."

पोरं हसली. मीही हसले. तेच अजून सलतं.

क्लास सुटल्यावर केर काढताना पोरांचे चुरगळलेले कागद सापडले. नुसती अंडी. अंड्यावर एक उभी रेघ, एक आडवी. डोळे नाहीत, नाक नाही. तासभर मी बसले होते, अन् कोणालाच दिसले नव्हते.

एक कागद घरी आणला. घरी कोण? पोरगा-सून पुण्याला. मी अन् आरसा. कागदाच्या पाठीवर माझं तोंड काढायला बसले, तर डोळे पार टाळूला जाऊन चिकटले. जन्मभर बाया पाहिल्या त्या पदरातल्या. पदराखाली केवढं डोकं असतं, मला काय माहीत? मग कडी लावली. पदर टाकला. फड्याची काडी घेऊन मोजलं. टाळू ते डोळे, डोळे ते हनुवटी. सारखंच! अर्धं डोकं डोळ्यांच्या वर. पन्नास वर्षं एवढं डोकं घेऊन फिरली बाई, अन् तिलाच पत्ता नाही.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "बसा."

"नाही बसत."

"का?"

"तुमी बसा, सर. टोपी उतरवा. मी काढतो तुमचं तोंड."

या वेळी कोणी हसलं नाही.

"उद्यापासून येऊ नका."

नाही गेले. आता भिंतभर माझीच तोंडं आहेत. पडलेल्या दातासकट. नात फोनवर विचारते, "आजी, एकटी काय करते गं?"

"माणसं जमवून राह्यली."

रोज आरशापुढं पदर उतरतो. माझ्या हातानं. दुसऱ्याच्या हुकमावर पुन्हा उतरणार नाही. अन् डोळ्यांशिवायचं तोंड मी कोणाचंच काढणार नाही. त्या सरांचंही नाही.