दुर्गाच्या नावेचे सुटे दिवे

माझी कल्पनाकाकू हट्टी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. बत्तीस वर्षं तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त केली आणि नाव झालं प्रोफेसर लोकांचं. असल्या बाईनं हट्टी नाही व्हायचं तर काय गरीब गाय व्हायचं?

आमचं शहर हिंदी मुलखातलं. रिटायर झाल्यापासून ती रोज इथल्या राम घाटावर फिरायला जाते. तिथंच तिची दुर्गाशी दोस्ती झाली. दुर्गा नाव चालवते. नवरा गेल्यापासून दोन्ही वल्ही स्वतःच मारते. नदीतून आरती बघायला संध्याकाळी सवारी, म्हणजे नावेत बसणारी माणसं, येतात, त्यावर तिचं घर चालतं. दुपारच्या उन्हात कोण मरायला बसतंय नावेत?

मागच्या कार्तिकात, अंधार पडता पडता, तिच्या नावेवरचा दिवा भर पाण्यात बंद पडला. वायरीत पाणी शिरलं होतं. समोरून आलेली मोटरबोट तिच्या वल्ह्याला घासून गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण घाटावरच्या होड्यांची नोंद ठेवणाऱ्या साहेबाला निमित्त मिळालं. जादा दिव्यांचा सेट दाखव, नाहीतर संध्याकाळी नाव काढायची नाही, असं त्यानं दुर्गाला बजावलं. वर म्हणाला, "वैसे भी शाम का काम औरतों का नहीं है. तेरा देवर चला लेगा." तिचा दीर विक्रांत टपूनच बसला होता. एकदा संध्याकाळ त्याच्या हातात गेली की मागोमाग नावही जाणार, हे न कळायला दुर्गा काय दूधखुळी आहे?

ती काकूपाशी येऊन रडली. काकू म्हणाली, "रोती क्यों है? दिवे मी करते." रागावली की तिची हिंदी अर्ध्यातच मराठीत शिरते.

आधी आम्ही टावर चौकात तयार दिवे बघायला गेलो. दुकानदारानं सायकलचे लुकलुकणारे दिवे काढले. काकू म्हणाली, "भैया, आरतीच्या वेळी नदीत शेकडो दिवे सोडलेले असतात. उसमें ये टिमटिम किसको दिखेगी?"

"सब यही ले जाते हैं, मॅडम."

"ले जाते होंगे. मैं नहीं ले जाती."

बाहेर आल्यावर तिनं मला समजावलं. नावेच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, आणि दोन्ही न लुकलुकता जळणारे हवेत. समोरच्याला रंग बघून कळतं की नावेचं तोंड कुठे आहे.

मग चार दिवस तिच्या स्वयंपाकघरात कारखाना. घट्ट झाकणाच्या दोन बरण्या घेतल्या, आत छोटी बॅटरी आणि रंगीत बल्ब बसवले. एका बाजूचा उजेड दुसरीकडे सांडू नये म्हणून बरण्यांची नावेकडे येणारी बाजू काळी रंगवली. दुर्गाच्या नावेच्या लाकडात भोकं पाडायची नव्हती, म्हणून खाली टेबललॅम्पला असतो तसा पेचाचा चिमटा लावला. पाणी शिरतंय का बघायला बरण्या दिवसभर बादलीत बुडवून ठेवल्या. काका अंघोळीसाठी बादली शोधत बसले आणि शेवटी माझ्यावरच ओरडले.

दाखवायच्या दिवशी साहेब हजर, विक्रांत हजर, घाटावरचे सगळे नाववाले हजर. काकू पायरीवरून म्हणाली, "लाल बाएँ हाथ को, हरा दाएँ हाथ को." दुर्गानं तसे लावले आणि वल्ही घेऊन बसली.

साहेब पोट धरून हसायला लागला. "मॅडम, उलटा है! आती हुई नाव जाती दिखेगी!" विक्रांत तर टाळ्या पिटायला लागला. माझे कान गरम झाले. वल्ही मारताना दुर्गा नावेच्या टोकाकडे पाठ करून बसते, सगळेच बसतात. तिचा डावा हात म्हणजे नावेची उजवी बाजू. रोज तिला बघणाऱ्या काकूला हे सुचू नये? बल्ब, बॅटरी, बादली, सगळं तपासलं, आणि माणूस कसा बसतो तेच विसरली.

काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गलती मेरी है. इसकी नहीं." पदर खोचला आणि सरळ नावेत उतरली. तिला पोहता येत नाही हो! डुगडुगत्या नावेत तिनं दोन्ही चिमटे सोडवले आणि दिव्यांची अदलाबदल केली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. "ठोकून बसवले असते तर मिस्त्री बोलवावा लागला असता. अब देखिए."

साहेबाचं हसू आटलं. पण खोड जाईल कशी? "गॅरंटी कौन लेगा?"

"मैं. तुमची सही होईपर्यंत रोज शाम को इसी नाव में बैठूँगी."

आणि बसली की! अकरा संध्याकाळी, एका हातानं नावेची कड घट्ट धरून. घरी काकांनी अबोला धरला. मी घाटावर उभी राहून जीव मुठीत धरून बघायची. दुर्गा नावेवरचा आधीचा दिवा मुद्दाम बंद ठेवायची, आणि मोटरबोटी नुसते हे सुटे दिवे बघून वेळेवर बाजूला व्हायच्या. साहेब तेही बघत होता.

बाराव्या दिवशी त्यानं कागद आणला. दुर्गाला धड वाचता येत नाही, म्हणून काकूनं वाचायला घेतला आणि मधेच थांबली. दिवे मंजूर होते, संध्याकाळही मंजूर होती. खाली लिहिलं होतं, चालक विक्रांत.

काकूचा चेहरा लालबुंद झाला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात दुर्गानं तिचा हात दाबला. "दीदी, इसमें मेरा नाम कहाँ है?"

"नहीं है."

"उसका कहाँ है?"

काकूनं बोट ठेवलं. दुर्गानं साहेबाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्या जागी अशी रेघ ओढली की कागद फाटला. मग पेन त्याच्यापुढे धरलं. "अब लिखो."

साहेबानं आजूबाजूला बघितलं. एकही नाववाला जागचा हलला नव्हता. विक्रांत खाली बघत होता. साहेबानं पेन घेतलं आणि लिहिलं.

"पढ़ो, दीदी."

काकूनं हळूच वाचलं, "चालक, दुर्गा."

"जोर से पढ़ो," दुर्गा म्हणाली. "सब सुनें."