चार बोळे

माझा थोरला भाऊ वेणीमाधव, आमचा दादा, शुक्ल यजुर्वेद शिकवायचा. दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या माडीत रोज सकाळी पाच-सहा विद्यार्थी बसत. आमच्या वेदात स्वर नुसत्या गळ्यानं भागत नाहीत, ते उजव्या हातानं दाखवावे लागतात. हात कुठे वर, कुठे खाली, बोटं कुठे मिटलेली, कुठे उघडी. दादाचा हात चालताना बघायला नाशिकचे शास्त्रीसुद्धा येऊन बसत. बाकी माणूस अगदी बावळा. भाजीला पाठवलं तर पिशवी घरीच ठेवून जायचा.

अशा माणसाच्या वाट्याला दुनळी बंदूक आली. आजोबांना कुणा जहागीरदारानं यज्ञाच्या दक्षिणेत दिलेली. गाय द्यायची सोडून बंदूक, काय म्हणावं! पण अप्पांनी, आमच्या वडलांनी, ती जिवापाड जपली. वर्षातून एकदाच उडवायचे. दसऱ्याला पंचगंगा घाटावरून होडीनं गंगापार जायचं, तेच आमचं सीमोल्लंघन, आणि पलीकडच्या रेतीत एक बार काढून परतायचं.

चौऱ्याण्णवला अप्पा गेले. लायसन दादाच्या नावावर होईतो बंदूक तीन वर्षं पोलिसांच्या थान्यात पडून राहिली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात घरी आली ती गंजून. मी म्हटलं, देऊन टाक कुणाला तरी, नसतं लचांड घरात. तो म्हणाला, अप्पांचा दसरा चुकवायचा नाही.

चौकाजवळ बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. दादा रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे शिष्यासारखा बसू लागला. बंदूक तीन तुकड्यांत सोडवायची कशी, गजाला चिंधी बांधून नळ्या पुसायच्या कशा, तेल किती थोडं लावायचं, सगळं शिकला. नळ्या पिळलेल्या पट्ट्यांच्या, जुन्या घडणीच्या; हलकंच काडतूस घाला, असं त्यांनी बजावलं. आणि दर वेळी एक गोष्ट सांगायचे, "पंडितजी, भरने से पहले नली उजाले की तरफ़ करके देखिए। आँख से, भरोसे से नहीं।"

दादा मुळात डावखुरा. आईनं मारून मारून जेवणात, पूजेत त्याला उजवा केला, पण बंदूक तो डाव्या खांद्यालाच लावायचा आणि नळ्या उजव्या हातानं खालून पेलायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. दादानं नळ्या आतून लख्ख करून, सुट्या काढून पाटावर ठेवल्या. पूजेची तयारी माझी. पंचामृत आत गेलं तर बिचाऱ्याची सगळी मेहनत मातीत जाईल, म्हणून मी दोन्ही नळ्यांच्या दोन्ही तोंडांना कापसाचे बोळे घातले. चार. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. पूजा उरकल्यावर ते घाईघाईनं उपटून निर्माल्यात टाकले. खाली सवाष्ण जेवायची खोळंबली होती. किती निघाले ते मी मोजलं नाही. एक भिजून आत सरकला असणार. रात्रभर नळ्या देवाच्या कोपऱ्यात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मोहन मल्लाहाच्या होडीतून आम्ही पार गेलो. रेतीत दादानं बंदूक उघडली, काडतूस घातलं आणि मिटली. उजेडाकडे धरली नाही. मोहननं विचारलं, पंडितजी, देखा नहीं? दादा हसला.

"कालपासून देवापुढे होती ती," तो म्हणाला.

नळी मधेच फुटली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी पदरानं हात बांधला, मोहन रडत वल्हवत होता, आणि दादा विचारत होता, अंगठा आहे ना गं, शरदिनी?

फुटलेली नळी मिस्त्रींनी बघितली. करपलेला कापूस निघाला, हळदीनं पिवळा. थान्यात दादानं लिहून दिलं की पुसताना बोळा आपल्याच हातून आत राहिला. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही. मला वाटलं, त्याला खरंच तसं वाटतंय. वाटू दे, असंही वाटलं. लाज वाटते सांगायला.

विद्यार्थ्यांना त्यानं स्वतःच दुसऱ्या गुरुजींकडे धाडलं. हाताशिवाय शिकवलेला स्वर खोटा, म्हणाला. माडी रिकामी झाली. सकाळी एकटाच म्हणत बसायचा, उजवा हात उपरण्याखाली घेऊन.

पुढच्या पावसाळ्यात थान्यानं फुटकी बंदूक परत केली. मी म्हटलं, गंगेत टाक. त्यानं ती डाव्या हातानं महिनाभर पुसली, तेल लावलं, फुटलेली नळीसुद्धा. खंडेनवमीला पाटावर मांडली आणि मला हाक मारली. मी हळद-कुंकू, पंचामृत आणलं. कापूस आणला नव्हता.

"कापूस आण," दादा म्हणाला. "आणि या वेळी बोळे मोज."

आवाज चढवला नव्हता त्यानं. मी आत जाऊन कापूस आणला आणि त्याच्यासमोर बसून चार बोळे वळले.