नवव्या महिन्यात चाललेले गुरुजी

महागावातल्या वजनदार माणसांपैकी निम्मी तरी कधी ना कधी सुखीबाईच्या पायांवर उघडी पडून रडलेली आहेत. बाईचं वय शहात्तर, दात सात, आणि हातात जोर असा की ती लेकराला तेल चोळत असताना शेजारी बसलेल्या आजीचे सांधे नुसत्या बघण्याने मोकळे व्हावेत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती गावात आली. सासूने तिला न्हाणीत पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि पायांवर एक लेकरू ठेवलं. ते पाय आजतागायत लांबच आहेत.

आता एवढ्या लेकरांना न्हाऊ घातलेल्या बाईजवळ काय काय माहिती असेल! आजचा कोणता वकील चौथ्या वर्षापर्यंत मुका होता, कोणता कापूस व्यापारी भिंतीचे पोपडे खायचा, सगळं तिला पाठ. पण सासूने धंद्याचा एकच नियम शिकवला होता: "न्हानीतलं न्हानीतच." सुखीबाईने तो एकसष्ट वर्षं पाळला. गावात इतके पुढारी निपजले ते त्यामुळेच.

तिच्या पायांवर ठेवलेलं ते पहिलं लेकरू म्हणजे वामनराव गुरुजी. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी पांढरे बूट घालून चार किलोमीटर चालतात आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगतात, की मी नवव्या महिन्यात चालायला लागलो. थांबवून सांगायचं असल्याने त्या चार किलोमीटरना अडीच तास लागतात.

गुरुजींचा मुलगा कपिल, सून समीक्षा. त्यांना मुलगा झाला, पियुष. सुखीबाई रोज सकाळी सातला तेलाची वाटी घेऊन बसायची. समीक्षाच्या मोबाइलवर बाळाने कोणत्या महिन्यात काय करावं याचा तक्ता होता. तिसऱ्यात मान धरली, पाचव्यात पालथा पडला, सातव्यात बसला. मोबाइल खूष, घर खूष. पुढे मात्र पियुष रांगेना. एक पाय दुमडायचा, एका हाताने फरशी ढकलायची आणि बुडावर घसरत सगळं घर पालथं घालायचं, अशी त्याची स्वतंत्र वाहतूक सुरू झाली. उभं धरलं तर दोन्ही पाय वर उचलून घ्यायचा, जशी काही खाली फरशी नाही, तवा आहे.

दहाव्या महिन्यात एके सकाळी गुरुजी न्हाणीच्या दारात उभे राहिले. "सुखीबाई, उद्यापासून येऊ नका. तुमच्या हाताने पोराची कंबर बिघडली."

एवढ्यावर थांबते तर गुरुजी कसले? पुढचे पंधरा दिवस ते फिरताना नवव्या महिन्याच्या जोडीला हेही सांगू लागले. तीन घरांनी सुखीबाईला येऊ नको म्हटलं. चौथ्या घरी तर लेकरू पायांवर असतानाच उचलून घेतलं.

"मले शिवी देल्ली असती तं सोडून देल्लं असतं," ती चुलीपुढे बसून म्हणाली. "माह्या हाताले नाव ठेवलं. आता सोडत नाही बुढ्याले."

आठवड्याने समीक्षा पियुषला कडेवर घेऊन गुपचूप तिच्याकडे आली. यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवून आली होती.

"आजी, बाळ ठणठणीत हाये म्हणाले. काही लेकरं रांगतच नाहीत, अशीच घसरतात अन् उशिरा चालतात. घराण्यातूनही येते म्हणे. घरात कोणी असं होतं का, विचारलं."

"मंग?"

"बाबा म्हणाले, कोणीच नाही. मी नवव्या महिन्यात चाललो."

सुखीबाईने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलू लागले. समीक्षा घाबरली. "आजी, रडू नका ना."

"रडते कोन वो माय!"

"तुम्हाले काही माहीत हाये का?"

"मले कायचं माहीत? न्हानीतलं न्हानीतच," सुखीबाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने उमरखेडला निघाली. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट असल्याने सुडाला तिकीटही लागलं नाही.

उमरखेडला गुरुजींच्या थोरल्या बहीण कोकिळाबाई राहतात. वय सत्तर. न्हाणीचा नियम त्यांना लागू नव्हता.

"कोकिळे, पियुषच्या वाढदिवसाले येनार ना?"

"बलावलं तं हाये. पन कंबर लय दुखून राह्यली."

"काहून वो?"

"काहून म्हंजे? नऊ वर्साची होती तवाची दुखते. त्या वाम्याले दोन वर्स कमरेवर घेऊन गावभर..." कोकिळाबाई थांबल्या.

"मी काही बोलली नाही बाप्पा," सुखीबाई म्हणाली. "तूच बोलली. तेच तिथं बोलजो."

"लोकाइसमोर?"

"मायकात. भोंग्यावर."

कोकिळाबाईंची कंबर जागच्या जागी बरी झाली.

वाढदिवसाला सभागृहात पियुषच्या बारा महिन्यांच्या बारा फोटोंचा फलक लागला होता. शेवटच्या सहा फोटोंत तो बसलेलाच. सुखीबाईला बोलावणं नव्हतं. ती रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर, बरोबर भोंग्यासमोर जाऊन बसली.

गुरुजींनी माइक हातात घेतला. "आमच्या घराण्यात पाऊल लवकर टाकण्याची परंपरा आहे. मी स्वतः नवव्या महिन्यात चाललो. नातवाचा मात्र अडाणी हातांनी घात केला."

"आन तो इकडे," म्हणत कोकिळाबाईंनी माइक काढून घेतला. "वामन्या, नवव्या महिन्यात कोन चाललं?"

"मी, ताई."

"तू? तू तं बुडानं आंगन झाडत होता! चड्ड्या मागून फाटे म्हनून मायनं सरकीच्या पोत्याचं ठिगळ लावलं. त्याच्यावर छापेल अक्षरं होती. माह्यी अक्षरओळख तुह्याच बुडावर झाली रे! दोन वर्स तीन महिन्याचा झाला तवा पाय टेकवला तुनं."

तेवढ्यात टाळ्यांनी खूष झालेला पियुष आईच्या मांडीवरून उतरला आणि एक पाय दुमडून सपासप घसरत थेट आजोबांच्या दिशेने निघाला.

"गुरुजी निघाले, गुरुजी!" मागून कोणीतरी ओरडलं. सभागृह हसून कोसळलं. कपिल केकमागे तोंड लपवून हसत होता.

दारातून सुखीबाई आत आली.

"या, सुखीबाई, जेवून जा," गुरुजी घाम पुसत म्हणाले.

ते मास्तर झाल्यापासून तिने त्यांना अहोजाहो केलं होतं. आज नाही. "जेवाले नाही आली वाम्या. मायकात बोल्ला, मायकातच वापस घे."

गुरुजी पुटपुटले, "सुखीबाईंच्या हाताचा दोष नव्हता."

"टपरीवर आयकू नाही गेलं."

गुरुजींनी खच्चून पुन्हा सांगितलं. टपरीवाल्याने तिथून हात हलवून पोहोचल्याचं कळवलं.

चारही घरांची बोलावणी दुसऱ्याच दिवशी आली. सुखीबाईने चौघांनाही महिनाभर ताटकळत ठेवलं. गुरुजींच्या घरी मात्र लगेच गेली, पण एका अटीवर. लेकरू न्हाणीत न्हाणार नाही, समोरच्या ओट्यावर न्हाईल, सकाळच्या उन्हात. समीक्षाने लगेच होकार दिला.

ओटा म्हणजे काही न्हाणी नव्हे. त्यामुळे सासूचा नियम तिथे लागत नाही. सुखीबाई पाय लांब करून पियुषला चोळते आणि सकाळी फिरायला निघालेला जो कोणी थांबेल त्याला खणखणीत आवाजात सांगते, "पाह्य ना, कसा घसरते! हुबेहूब बुढा! याले पन आता सरकीचं पोतं पाह्यजे."

गुरुजी पांढरे बूट हातात घेऊन मागच्या दाराने बाहेर पडतात. ते चार किलोमीटर आता पाऊण तासात होतात.