अप्पांनी पसंत केलेला मॉनिटर

दुकानात शिरल्या शिरल्या तिथल्या विक्रेत्यानं मला विचारलं, "मगनिगा, मेडम?" म्हणजे कन्नडमध्ये, मुलासाठी का. मला मूल नाही, मॉनिटर मला स्वतःलाच हवाय, असं मी सांगितलं, तर तो माझ्याबरोबर आलेल्या अप्पांकडे बघून हसला. वडील ऐंशीच्या घरात, मुलगी पन्नाशीला टेकलेली. या दोघांपैकी कुणाचं कॉम्प्युटरवर पोट चालत असेल, हे त्याच्या डोक्यात शिरेना. माझं डोकं तिथंच फिरलं असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर राग मी घरूनच बरोबर आणला होता.

मी नृत्यवर्गांसाठी संगीत बसवते. चामराजपुरममधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आणि दोन चांगले स्पीकर आहेत. गाणारी एकीकडे गाते, मृदंग दुसरीकडे वाजतो, वीणा आणखी तिसरीकडून येते, आणि ते सगळं एका जागी, एका मापात आणणं हे माझं काम. स्क्रीनवर एकाखाली एक आवाजांच्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात, आणि खाली आवाज कमीजास्त करायच्या बारीक दांड्या. लोकांना वाटतं हे कानांचं काम. निम्मं काम वाचायचं असतं, हे कुणाला सांगून पटत नाही.

माझा जुना मॉनिटर मंद झाला होता. नावं दिसेनात म्हणून मी पुढं वाकून बसायला लागले, आणि वाकून बसायची सवय कधी लागली ते कळलंच नाही. यात एक गोम आहे. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा एक त्रिकोण ठरलेला असतो. डोकं त्या जागी असेल तरच आवाज खरा ऐकू येतो. वीतभर पुढं वाकलात की मृदंगाचा घुमारा कमी वाटतो, मग तुम्ही तो वाढवता, आणि दुसऱ्याच्या घरी तो गाणारीला गिळून टाकतो.

तसंच झालं. नजरबादला वर्ग घेणाऱ्या एक नृत्यशिक्षिका आहेत, वर्षानुवर्षं त्यांचं काम माझ्याकडे आहे. त्यांनी रेकॉर्डिंग परत पाठवलं. पदाचे शब्दच ऐकू येत नाहीत म्हणाल्या. मी समोरच्या खोलीत साध्या स्पीकरवर लावून बघितलं, तर बाई खरं बोलत होत्या. दसऱ्याच्या नृत्यनाटिकेचं काम तुमच्याकडेच देते, पण या वेळी असं झालं तर मला दुसरीकडे जावं लागेल, हेही त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं. गावाच्या त्या टोकाला एका तरुणानं नवा स्टुडिओ थाटलाय, हे मला ठाऊक होतं. बाई भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

म्हणजे मला काय हवं होतं? पाठ खुर्चीला टेकवून बसल्यावर अक्षरं वाचता येतील असा एक मॉनिटर. एवढंच. त्यासाठी घरात पंचायत भरायचं काही कारण नव्हतं.

पण आमचं घर रंगाऱ्यांचं. आजोबा रेशमाच्या लडी रंगवायचे, अप्पांनी साड्या रंगवल्या, छापल्या. आता तो धंदा राहिला नाही, भांडी मोडीत गेली, पण एक रीत राहिली. ज्या वस्तूला रंग आहे ती घरातल्या मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. लग्नाची साडी असो, भिंतीचा रंग असो, स्कूटर असो, अप्पा ती वस्तू दुकानाच्या उंबऱ्यावर नेणार, उन्हात धरणार, मान तिरकी करून बघणार आणि हो किंवा नाही सांगणार. दिव्याच्या उजेडात घेतलेला रंग घरी आल्यावर बदलतो, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. आमच्या समाजातल्या बायका अजून पिशव्या घेऊन अप्पांकडे येतात. त्यांनी मान हलवली की विषय संपला.

बंगळूरला असणाऱ्या माझ्या मोठ्या भावाला मी फोनवर मॉनिटरचं बोलले, चुकलंच माझं. तो लगेच म्हणाला, अप्पांना घेऊन जा, त्यांना बरं वाटेल. मी म्हटलं, अण्णा, मला रंग बघायचा नाही, अक्षर बघायचंय. तो म्हणाला, होगली, जाऊ दे गं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला काय जातं. याचं काय जाणार होतं? त्याची खुर्ची, त्याचं ऑफिस, त्याचा मॉनिटर कुणी उंबऱ्यावर नेऊन तपासला नव्हता.

दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले, आणि सगळ्यांवर एकच लाल पोपट. पोपट उडतो, मग डाळिंब फुटतं, मग पुन्हा पोपट. मी माझ्या कामाच्या स्क्रीनचं चित्र पेनड्राइव्हवर घालून नेलं होतं. तेवढं लावून दाखवा, मी खुर्ची मागं घेऊन बघते, असं सांगितलं. विक्रेता म्हणाला, तसं लावता येत नाही, डेमोच चालतो. मी म्हटलं, निदान एखादं अक्षर तरी दाखवा. तर म्हणे, मेडम, क्वालिटी बघा, अक्षर काय कुठंही दिसतं. ज्याला दिसतं त्याला दिसतं, मी म्हणाले. त्यानं तोवर मला सोडून दुसरं गिऱ्हाईक धरलं होतं.

अप्पा एकेका मॉनिटरसमोर थांबत पुढं गेले. शेवटी एका भल्या रुंद, वाकड्या, आरशासारख्या चकचकीत मॉनिटरपाशी उभे राहिले आणि तिथून हलेनात. "हेच घे," म्हणाले, "याचा लाल बघ. सुम्ने, उगाच बाकीचे बघत बसू नको."

मी त्यांना हळूच सांगितलं की अप्पा, मला लाल लागत नाही, याच्यावर अक्षरं फार बारीक येतील. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी त्या विक्रेत्याला बोलावलं आणि हा जरा बाहेर दारापाशी उन्हात आणून दाखव म्हणून सांगितलं. तो फिदीफिदी हसला. मग त्यानं कन्नडमध्ये आपल्या जोडीदाराला काही सांगितलं, आजोबा टीव्हीला ऊन दाखवणार म्हणतात असं काहीसं, आणि तोही हसला. आम्हाला कन्नड येत नाही असं वाटलं असावं त्याला. आमच्या किती पिढ्या या गावात गेल्या, आणि याला वाटतं आम्हाला त्याचं हसणं कळत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाच्या हातचा रंग लोकांनी लग्नात अंगावर घेतला, त्याला हा हसतो? मी तिथल्या तिथं सांगितलं की हाच मॉनिटर पाहिजे, बांधून द्या. मला तो नको होता. अप्पा बरोबर आहेत हे त्या टोणग्याला दाखवायला मी तो घेतला, आणि गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याला काहीही दाखवलं गेलं नाही, त्याची विक्री झाली.

घरी तो टेबलावर ठेवला तर दोन्ही स्पीकर बाजूला सारावे लागले. आवाजाचा त्रिकोण मोडला. चकचकीत काचेत मागची खिडकी, खिडकीतला शेवगा आणि मधोमध माझं वैतागलेलं तोंड. सरळ पट्ट्या कडेला वाकलेल्या दिसायच्या. अक्षरं तर पहिल्यापेक्षा बारीक. ती मोठी करून बघितली तर माझ्या सॉफ्टवेअरला ते झेपेना, नावं एकमेकांवर चढली. लाल मात्र खरंच सुरेख होता. कुठं आवाज फाटला की जो लाल ठिपका पेटतो, तो असा पेटायचा की डोळे दिपावेत. मी पुन्हा वाकून बसले. संध्याकाळपर्यंत मान आखडली, डोकं ठणकायला लागलं, आणि नृत्यनाटिकेचा पहिला प्रवेश समोरच्या खोलीत लावला तर मृदंगानं पुन्हा गाणारीला गिळलेलं.

मी अण्णाला फोन केला, हे परत करून येते म्हणून. तो म्हणाला, अप्पांनी पसंत केलेली वस्तू आजवर कुणी परत केली आहे का, त्यांना काय वाटेल. माझं काम जाईल त्याचं काय, असं मी विचारलं. त्यावर त्यानं मला चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणून सांगितलं. मी फोन आपटला.

मग मी अप्पांना आत बोलावलं. रागात होते, नाही म्हणत नाही. त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, पाठ टेकवायला लावली, स्क्रीनवर नाटिकेचं कन्नड पद उघडलं आणि त्यांना म्हणाले, "वाचा."

ते पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता कळेल. मी अक्षरं थोडी मोठी केली आणि पुन्हा वाचा म्हटलं. त्यांनी डोळे बारीक केले. आणखी मोठी केली. एका वेळी एकच ओळ मावेल इतकी केली, तरी त्यांना वाचता येईना. शेवटी एकच शब्द पडदाभर झाला तेव्हा त्यांनी तो वाचला, पहिलीतल्या पोरासारखा, एकेक अक्षर जोडत.

कधीपासून दिसत नाही, मी विचारलं.

"पुष्कळ दिवस झाले," अप्पा म्हणाले. "सगळं चहात बुडवल्यासारखं दिसतं. दुकानात तेवढा एकच लाल मला लाल दिसला."

मग सगळंच बाहेर आलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. उन्हाळ्यात अण्णाकडे गेले होते तेव्हा त्यानंच डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, अप्पांनी बेडा, नको म्हणून हात झटकले, आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. रंगाऱ्याचे डोळे गेले हे समाजात कळायला नको. आणि अण्णा मूग गिळून बसला. ठाऊक असून त्यानं मला म्हटलं की त्यांना घेऊन जा, त्यांना बरं वाटेल. इतके महिने बायका पिशव्या घेऊन येत होत्या, अप्पा उंबऱ्यावर मान तिरकी करत होते आणि प्रत्येक साडीला छान म्हणत होते. मी मागच्या खोलीत बसून ते सगळं ऐकत होते.

त्या दिवशी मी अण्णाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अप्पांनाही बोलले. मन राखायचं म्हणून तुम्ही दोघांनी मिळून तुमचे डोळे घालवलेत आणि वर माझे घालवायला निघालात, असं मी म्हणाले. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यांनी उलट ओरडायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी खोकं उचलून मी दुकानात गेले आणि थेट मॅनेजरसमोर बसले. पेनड्राइव्ह लावल्याशिवाय उठत नाही म्हटलं. लावला. खुर्ची मागं घेतली, पाठ टेकवली, आणि एका कोपऱ्यातल्या सपाट, धुरकट काचेच्या, कुणी ढुंकून बघत नव्हतं अशा मॉनिटरवरची नावं एकेक करून मोठ्यानं वाचली. मृदंग, वीणा, बासरी, नट्टुवांगम म्हणजे नाचाचे टाळ. तो पहिला हसणारा बाजूला उभा होता. आज हसत नव्हता, पण मला त्याचं काही समाधान वाटलं नाही.

बदलून आणलेल्या या मॉनिटरवर सगळे रंग फिके आहेत. अक्षरं दिसतात. स्पीकर आपल्या जागी आले, माझं डोकंही. नजरबादच्या बाईंनी पहिला प्रवेश ठेवून घेतला आणि दुसरा कधी देता म्हणून विचारलं. अप्पांच्या एका डोळ्याच्या ऑपरेशनची वेळ मी घेतली. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्यातल्याच एक वयस्कर बाई मुलीच्या लग्नाची साडी घेऊन आल्या. मी मागं काम करत होते. अप्पांनी मला हाक मारली. मी बाहेर आले तर साडी त्या बाईंच्या हातातच होती, अप्पांनी ती घेतली नव्हती.

"हिला विचारा," ते म्हणाले. "मला आता दिसत नाही."

बाईंना आधी थट्टा वाटली. मग त्या माझ्याकडे बघू लागल्या. मला रंगातलं ओ की ठो कळत नाही, उभा जन्म मी ते शिकायला नाही म्हणत आले. तरी साडी उंबऱ्यावर नेली, उन्हात धरली. लाल भडक होता, दुकानातल्या त्या पोपटासारखा. मी तसं सांगितलं. बाई घाईघाईनं म्हणाल्या, असू दे, घेऊन झाली आहे, आता परत कशी करायची, दुकानदाराला काय वाटेल.

"करा परत," अप्पा म्हणाले. "काही होत नाही."